मशीन ओरडते, होडी सरकत नाही: पंख्याच्या स्लिपवर इलाज करणाऱ्या मालवणातल्या एका गाळ्याविषयी

मालवणात बंदराकडून खाडीकडे उतरताना पत्र्याच्या छपराचा एक गाळा लागतो. दारात दोन-तीन उघडी आउटबोर्ड मशीने, म्हणजे होडीच्या पिछाडीला बाहेरून टांगायची इंजिने, लाकडी घोडीवर टांगलेली असतात आणि आत, जुन्या गिअरबॉक्सांच्या गर्दीत, मिस्त्री बसलेले असतात. गाळ्यावर पाटी नाही आणि मिस्त्रींना ती नकोच आहे, कारण हातातली कामेच त्यांच्याने आवरत नाहीत. त्यामुळे या परीक्षणात गाळ्याचे नाव नाही. जेटीवर कोणत्याही होडीवाल्याला ‘पंखे करणारे मिस्त्री’ म्हणून विचारले, तर तो रस्ता दाखवील. माझ्या होडीचा पंखा, म्हणजे मशीनखालचा प्रोपेलर, स्लिप मारतो ही तक्रार घेऊन मी त्यांच्याकडे नोव्हेंबरात गेलो होतो आणि मे अखेरीपर्यंत होडी चालवून झाल्यावर हे लिहीत आहे. घाई मुद्दामच केली नाही, कारण दुरुस्ती करून आणल्याच्या दिवशी प्रत्येक मशीन चांगलेच चालते.

होडी १८ फुटी, फायबरची आहे. तिच्यावर १५ हॉर्सपॉवरचे, दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक, आखूड पायाचे मशीन आहे (पाय म्हणजे मशीनचा पाण्यात उतरणारा भाग). मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. होडीचा उपयोग सकाळी गरवायला (गळाने मासे पकडायला) जाणे आणि घरी आलेल्या पाहुण्यांना कर्लीच्या खाडीतून फिरवणे एवढाच. मशीनचा मूळ पंखा तीन पात्यांचा, ॲल्युमिनियमचा, ९.२५ इंच व्यासाचा आणि ९.७५ इंच पिचचा. पिच म्हणजे पंखा एका पूर्ण फेऱ्यात, लाकडात स्क्रू शिरावा तसा पाण्यात शिरला, तर जितका पुढे जाईल ते अंतर. पाणी लाकडासारखे घट्ट नसते, म्हणून पंखा प्रत्यक्षात त्याहून कमी पुढे जातो, आणि हा जो फरक पडतो त्याला स्लिप म्हणतात. ती शून्य कधीच नसते आणि शून्य असून चालायचेही नाही, कारण पाणी मागे ढकलल्याशिवाय होडी पुढे जात नाही. पण जेटीवर ‘पंखा स्लिप मारतो’ असे कोणी म्हणतो, तेव्हा त्याला हा हिशेब अभिप्रेत नसतो. मशीन ओरडते आहे आणि होडी सरकत नाही, एवढेच त्याला सांगायचे असते. या एका तक्रारीमागे निदान तीन वेगवेगळे आजार असू शकतात, हे मला मिस्त्रींकडे जाईपर्यंत माहीत नव्हते. माहीत असते तर माझे साडेनऊ हजार रुपये वाचले असते.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही चौघे समुद्रातून परतत होतो. देवबागच्या संगमावर, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, ओहोटीला पाणी जोराने बाहेर पडते आणि वाळूच्या उथळ्यावर लाटा फुटतात, त्यामुळे आत शिरताना मशीनला दम लागतो. मी थ्रॉटल पूर्ण दिला, आवाज एकदम पातळ होऊन चढला, आणि होडी जागच्या जागी राहिली. देवबागच्या बाजूचा एक वाकडा माड मी खूण म्हणून धरला होता. पाच मिनिटे तो माझ्या डाव्या खांद्यासमोरून हलला नाही. थ्रॉटल निम्म्यावर आणल्यावर मात्र पंख्याने पाणी धरले आणि आम्ही काठाच्या संथ पाण्यातून, रांगत म्हणावे इतक्या हळू, आत आलो. या ‘कमी केल्यावर धरले’ या तपशिलात अर्धे निदान होते, पण त्या वेळी ते माझ्या ध्यानात आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एका दुकानात गेलो. दुकान कोणते ते सांगत नाही. ते मालवणातले नाही एवढेच सांगतो. तिथे कोणी मशीन पाहिले नाही, पंखा काढला नाही, होडीत किती माणसे बसतात हेही विचारले नाही. पंखा म्हातारा झाला, आता ११ इंच पिचचा घ्या, वेगही वाढेल, असे सांगून त्यांनी नवा पंखा हातात दिला, आणि मीही तो साडेनऊ हजारांना घेतला. बसवल्यावर दोन दिवस बरे वाटले. तिसऱ्या दिवशी सहा जण बसवून निघालो, तर मशीन चढायलाच तयार नाही, घाटात चौथ्या गिअरमध्ये टाकलेल्या एसटीसारखे कुंथू लागले. रिकाम्या होडीत ते चढत असे, पण वळण घेतले किंवा लाटेवरून नाळ (होडीचे पुढचे टोक) खाली गेली, की पुन्हा तोच पातळ आवाज आणि मागे पांढरा फेस. जुन्या पंख्याचे आणि नव्याचे दुखणे एकच आहे असे मी धरून चाललो होतो, आणि तीच माझी मोठी चूक होती.

मिस्त्रींनी माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले आणि भाव सांगायला सरळ नकार दिला. ‘सर, आधी रेघ मारूया, मगे बघूया,’ असे म्हणून त्यांनी दोन्ही पंखे मागवले आणि जुन्यापासून सुरुवात केली. ही रेघ म्हणजे काय ते सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण ज्याच्याकडे रंगाचा मार्कर आहे असा कोणताही होडीवाला ती घरी मारू शकतो. या आकाराच्या मशीनच्या पंख्याचे बूड, म्हणजे पात्यांमधला जाड भाग, वरून एकसंध दिसते, पण आत तीन थर असतात: मधोमध खाचांची पितळी नळी, जी मशीनच्या दांड्यावर बसते, तिच्याभोवती घट्ट दाबून बसवलेला रबरी बुश, आणि बाहेर ॲल्युमिनियमचे बूड, ज्याला पाती जोडलेली असतात. नळी आणि पाती यांच्यात धातूचा धातूशी कुठेही संबंध येत नाही, सगळा जोर रबराच्या पकडीवर जातो. पंखा खडकावर आपटला, तर रबर सरकून गिअर वाचावा, यासाठी ही योजना असते. रबर एकदा सरकले, की पकड ढिली होते आणि पुढे जोर पडला की ते पुन्हा पुन्हा सरकते.

मिस्त्रींनी पिवळ्या मार्करने नळीच्या कडेपासून रबरावरून बाहेरच्या बुडापर्यंत एक सरळ रेघ ओढली, पंखा बसवला, आणि आम्ही दोघे खाडीत गेलो. त्यांनी मला दहा मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर सरळ जायला सांगितले. परत येऊन मशीन बंद केले, किल-स्विचची (मशीन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून घेतली, मशीन न्यूट्रलमध्ये असल्याचे हाताने तपासले आणि मगच पाय वर उचलून त्यांनी नट उघडला. ती रेघ मी अजून विसरलेलो नाही. बाहेरच्या बुडावर ती होती तिथेच होती, रबरावर फरफटून पुसट झाली होती, आणि नळीवरचा तिचा तुकडा तीन बोटे पुढे जाऊन थांबला होता. ‘बुश गेलो आसा. पात्यांचो काय एक दोष नाय,’ मिस्त्री म्हणाले. मे महिन्यात किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत आमचा पंखा एकदा जोरात घासला होता, हे मला तेव्हा आठवले.

त्यानंतर तीच रेघ त्यांनी नव्या पंख्यावर मारली आणि तीच फेरी केली. रेघ जशीच्या तशी राहिली, तरी वळणावर मशीन ओरडलेच. म्हणजे नव्या पंख्याच्या बुशात काही बिघाड नव्हता आणि आजार दुसराच होता. मिस्त्रींनी मागे वळून फेसाकडे पाहिले आणि जे म्हणाले ते मी तसेच देतो: ‘ह्यो पंखो पाणी नाय, वारो खाता.’

हा दुसरा आजार लहान होड्यांमध्ये बुशाच्या आजाराहून जास्त आढळतो, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि जेटीवरच्या चार होड्या पाहिल्यावर मलाही ते पटले. पंखा पृष्ठभागाच्या फार जवळ आला, की वरची हवा ओढून घेतो. पात्यांना पाण्याऐवजी फेस मिळतो, जोर नाहीसा होतो आणि मशीन मोकळे सुटते. मशीनच्या पायावर, पंख्याच्या लगेच वर, जी आडवी पट्टी असते तिचे काम हीच हवा अडवण्याचे असते. तिला सगळेच कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण ते नाव चुकीचे आहे, कारण कॅव्हिटेशन हा वेगळाच प्रकार आहे: पात्याच्या पाठीमागे दाब इतका उतरतो की पाणी थंड असूनही तिथे त्याची वाफ होते, आणि ते बुडबुडे फुटताना धातूला बारीक खड्डे पाडतात. असे खड्डे माझ्या जुन्या पंख्याच्या एका पात्यावर, जिथे कडेला खोक पडली होती तिच्या मागेच, मोहरीच्या दाण्याएवढे दिसत होते. पण तो धाकटा आजार. मुख्य कारण ट्रान्सममध्ये, म्हणजे ज्या पिछाडीच्या फळीवर मशीन टांगतात तिच्यात होते.

आखूड पायाचे मशीन १५ इंच उंचीच्या ट्रान्समसाठी बनवलेले असते. मिस्त्रींनी टेप लावला, तेव्हा माझा ट्रान्सम १७ इंच भरला. गेल्या पावसाळ्यात आतले प्लायवूड कुजले म्हणून मी ते बदलून घेतले होते, आणि काम करणाऱ्याने मजबुतीसाठी वर दोन इंचांची फळी चढवली होती. होडी किनाऱ्यावर सपाट ठेवून तळाखाली एक सरळ पट्टी धरली, तेव्हा प्लेट तळाच्या रेषेपेक्षा जवळजवळ दीड इंच वर निघाली. अशा सपाट तळाच्या होडीत ती तळाच्या बरोबरीला किंवा त्याहून इंचभर खाली हवी. मोठ्या वेगवान बोटींवर मशीन मुद्दाम उंच लावतात, पण त्यांचे पंखे आणि तळाची ठेवण वेगळी असते, त्यांची नक्कल आपण करण्यात अर्थ नाही. शिवाय माझी बर्फाची पेटी आणि नांगर नाळेकडे असे. नाळ दबली की पिछाडी उचलली जाते आणि पंखा आणखी वर येतो. मशीनच्या कलाची, म्हणजे ते किती तिरके राहील हे ठरवणारी, पिनही एक भोक जास्त बाहेर होती. तीन लहान चुका एकाच दिशेने काम करत होत्या आणि दोष मात्र पंख्याच्या माथी गेला होता.

दोन आजार एकमेकांपासून कसे ओळखावेत, हे मी मिस्त्रींना खोदून विचारले. बुश गेला असेल, तर संथ पाण्यात, अगदी सरळ चालतानाही, थ्रॉटलच्या एका ठरावीक जागेनंतर मशीन सुटते. कमी केले की धरते. आणि तासभर चालून बूड तापले की ती जागा खाली खाली येत जाते. हवा खात असेल, तर सरळ आणि संथ पाण्यात तक्रार नसते. वळण, लाट, पुढे सरकलेला माणूस यांपैकी काहीतरी निमित्त लागते, आणि फेस डोळ्यांना दिसतो. तिसरा आजार म्हणजे प्रमाणाबाहेर जास्त पिच किंवा शिंपल्या-शेवाळाने भरलेला तळ. त्यात मशीन ओरडत नाही, कधी कधी उलट चढतच नाही; फक्त होडी हिशेबापेक्षा हळू जाते.

हिशेब मीच केला, मिस्त्रींचा त्यावर विश्वास कमी. मशीनचे मिनिटाचे फेरे भागिले गिअरचे गुणोत्तर, गुणिले इंचांतला पिच, भागिले १२१५, म्हणजे स्लिप अजिबात नसताना मिळणारा वेग नॉटमध्ये (तासाला सागरी मैलांत) येतो. १२१५ हा आकडा सागरी मैलातल्या ७२,९१३ इंचांना ६० ने भागून आलेला आहे. माझ्या मशीनचे गुणोत्तर २.०८. फेरे मोजायला प्लगच्या वायरीवर गुंडाळायचा लहान टॅकोमीटर घेतला आणि वेग फोनच्या जीपीएसवर, भरती-ओहोटीच्या मधल्या संथ पाण्यात, जाताना आणि येताना असा दोनदा मोजून सरासरी काढली. जुना पंखा, गेलेला बुश: ५४०० फेऱ्यांना हिशेबी वेग २०.८ नॉट, प्रत्यक्षात ६. म्हणजे ७१ टक्के स्लिप, जी खरी स्लिप नव्हेच, कारण पंखा मशीनइतका फिरतच नव्हता. नवा ११ इंची पंखा, दोन माणसे: ४५०० फेऱ्यांना हिशेबी १९.६, प्रत्यक्षात १३. स्लिप ३४ टक्के. सहा माणसे बसवल्यावर तोच पंखा मशीनला ३९०० च्या वर जाऊ देत नव्हता, आणि मशीनच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला ४५०० ते ५५०० फेरे हवेत असे स्पष्ट लिहिले आहे. त्याखाली रेटत राहिले, तर टू-स्ट्रोक मशीन तापते आणि प्लग काळे पडतात. पिच इंचभर वाढवला, की साधारण दीडशे ते दोनशे फेरे कमी होतात. हे त्या दुकानातल्या माणसाला माहीत नसेल असे मला वाटत नाही.

मिस्त्रींचा निर्णय असा झाला की नवा पंखा बाजूला ठेवावा, जुन्याला नवा बुश घालावा आणि मशीन दोन इंच खाली घ्यावे. ट्रान्समचे काम ते स्वतः करत नाहीत. त्यांनी पेन्सिलीने खाच आखून दिली आणि मी ती एका फायबरवाल्याकडून कापून घेतली. कापलेल्या कडेला रेझिनचे दोन थर द्यायला विसरू नका, असे त्यांनी दोनदा बजावले, कारण उघडे प्लायवूड पाणी पिते आणि पुन्हा कुजते.

बुशाचे काम मी गाळ्यात बसून पाहिले. काही ठिकाणी जुना रबर जाळून काढतात, त्याने धुराचा त्रास होतोच, शिवाय ॲल्युमिनियम तापून नरम पडते. मिस्त्रींनी तो हायड्रॉलिक प्रेसवर दाबून बाहेर काढला. निघताना बुचासारखा आवाज आला. आतली भिंत तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केली. नवा बुश बुडाच्या भोकापेक्षा बराच जाड होता. एका नरसाळ्यासारख्या लोखंडी तुकड्यातून तो आवळत आवळत आत ढकलायचा असतो आणि त्यासाठी फक्त साबणाचे पाणी वापरायचे. तेल किंवा ग्रीस लावले, तर तो सहज जातो आणि तितक्याच सहज फिरतो. दाबून झाल्यावर साबण सुकून रबराने पकड घ्यावी म्हणून पंखा दोन रात्री फळीवर ठेवला. नंतर शिकंजात पकडलेल्या एका जुन्या दांड्यावर तो चढवून, पात्यांमध्ये लाकडी दांडका अडकवून, मिस्त्री आणि त्यांचा पोरगा दोघे त्यावर लोंबकळले. रेघ हलली नाही. परीक्षा ठीक आहे, पण तिच्यातून आकडा निघत नाही. टॉर्क मोजायचा पाना वापरला असता, तर मला अधिक बरे वाटले असते.

पात्यांची खोक त्यांनी कानशीने गोलाईत आणली आणि एक पाते जरा वाकले होते ते लाकडी ठोकळ्यावर सरळ केले. त्याआधी पंखा काचेवर पालथा ठेवून तिन्ही टोके एका उंचीवर येतात का ते पाहिले होते. हे ठोकणे आता शेवटचे, असेही सांगितले. ॲल्युमिनियम पुन्हा पुन्हा ठोकले की चिरते. स्टेनलेस स्टीलचा पंखा घेऊ का, असे मी विचारल्यावर ते हसले. आपल्या खडकाळ पाण्यात पाते वाकलेले परवडते, पण वाकायला पातेच तयार नसेल, तर धक्का आत गिअरपर्यंत जातो.

ज्या गोष्टीसाठी मी या गाळ्याला सर्वाधिक मान देतो, ती मी मागितलेलीच नव्हती. पंखा काढल्यावर दांड्याच्या मुळाशी तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) गुंडाळलेला निघाला, केसांच्या गुंत्यासारखा, वितळून घट्ट झालेला. असा तंगूस सील कापतो आणि पाणी गिअरबॉक्समध्ये जाते. मिस्त्रींनी तो चाकूने न कापता पक्कडने उलगडून काढले, मग पायाचा खालचा स्क्रू सैल करून ऑइलचे चार थेंब बोटावर घेतले. पाणी गेले असते, तर ऑइल दुधाळ झाले असते. ते स्वच्छ होते. सील बदला असे सांगून त्यांना पैसे घेता आले असते, आणि मला ते कळलेही नसते.

बसवताना खाचांना पाण्यात न विरघळणारे ग्रीस लावले, दांड्यावरचा जाड वॉशर उतरत्या बाजूने आत घातला, नट आवळला आणि तो सुटू नये म्हणून अडकवायची कॉटर पिन नवी, स्टेनलेसची टाकली. जुनी सरळ करून पुन्हा वापरू, असे मी सुचवले होते. वीस रुपयांच्या पिनेसाठी पंखा समुद्राला देऊ नका, असे उत्तर मिळाले.

आता फरक. दोन माणसांनिशी ५२०० फेऱ्यांना हिशेबी वेग २०.१ नॉट, प्रत्यक्षात १५.२, म्हणजे तासाला सुमारे २८ किलोमीटर. स्लिप २४ टक्के, आणि या जातीच्या होडीला ती रास्त आहे. पाच माणसांनिशी ४८०० फेरे, साडेअकरा नॉट, स्लिप ३८ टक्के. भरल्या होडीत स्लिप वाढतेच, पण मशीन पुस्तिकेतल्या मर्यादेत राहते हे महत्त्वाचे. वळणावर ओरडणे गेले. पेटी आणि नांगर मधल्या फळीकडे सरकवल्याचाही त्यात वाटा आहे, आणि तो उपाय फुकट होता. संगमावर ओहोटीला मी डिसेंबरात मुद्दाम पुन्हा गेलो, या वेळी एकटा आणि लाइफ जॅकेट घालून. तो वाकडा माड सावकाश का होईना, पण मागे पडला.

तक्रारी आहेत. मंगळवारी देतो म्हटलेले काम शुक्रवारी मिळाले. दुपारी फोन उचलत नाहीत. पावती मागितल्यावर वहीचे पान फाडून मिळते, आणि बुशाची लेखी हमी नाही. ‘हंगामभर बघा, गेलो तर माझ्याकडे घेऊन येवा’ एवढेच. बुश बाजारात सुटा मिळणारा आहे, मशीन बनवणाऱ्या कंपनीचा नाही. मशीन वॉरंटीत असेल, तर इथे येऊ नये, अधिकृत विक्रेत्याकडेच जावे, असे मिस्त्री स्वतःच सांगतात. मला बुश आणि मजुरी मिळून ३,४०० रुपये लागले, ट्रान्समची खाच आणि रेझिनचे १,८०० वेगळे. जेटीवर एकाने बुडातून आरपार दोन बोल्ट मारून पंखा कायमचा जखडण्याचा स्वस्त उपाय सुचवला होता. तो मिस्त्रींनी करायला साफ नकार दिला, कारण मग पंखा खडकावर आपटल्यावर सरकायला काहीच उरत नाही आणि मोडतो तो गिअर. लहान, चार-पाच हॉर्सपॉवरच्या कित्येक मशीनांना रबराऐवजी शिअर पिन, म्हणजे धक्का बसताच मोडणारी पिन, असते. तिथेही मोडलेल्या पिनेच्या जागी खिळा घालणारे लोक आहेत, आणि त्यांचे गिअर याच गाळ्यात दारापाशी ढिगाने पडलेले असतात.

जाणार असाल, तर सकाळी नऊच्या आत जा आणि नुसता पंखा नेऊ नका. होडीची लांबी, ट्रान्समची उंची, एरवी किती माणसे बसतात आणि मशीन नेमके केव्हा ओरडते, हे लिहून न्या. मिस्त्रींचा पहिला अर्धा तास याच प्रश्नांत जातो. मे महिन्यात जाणे टाळा. मासेमारीची बंदी १ जूनला सुरू होते, त्याआधी सगळी मशीने एकदम ओव्हरहॉलला येतात आणि गाळ्यात पाय ठेवायला जागा नसते.

होडी आता झापांखाली आहे. मे अखेरीला ती वर ओढल्यावर मी पंखा काढला, बूड कोरड्या फडक्याने पुसले आणि चष्मा लावून पाहिले: पिवळी रेघ फिकी झाली आहे, पण नळीपासून बुडापर्यंत सलग आहे. ११ इंची नवा पंखा, एक पाना, पक्कड आणि दोन कॉटर पिना असे सगळे मी हंगामभर नाळेखालच्या खणात राखीव ठेवले होते. त्यातली एक पिन शेजाऱ्याला दिली, बाकीचे काही वापरावे लागले नाही.